रांजणवाडीला दोन ओळींत गुंडाळू नका

मा. संपादक,
स. न.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत डोळ्यांवर अख्खं पान होतं. मोतीबिंदू, काचबिंदू, मोबाइल बघून बघून कोरडे पडणारे डोळे, सगळं छान मांडलंय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण रांजणवाडीच्या वाट्याला आल्या फक्त दोन ओळी, त्याही खालच्या कोपऱ्यात, "स्वच्छता पाळावी व तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा". आता मला सांगा, सकाळी उठल्यावर ज्याची पापणी सुजलीये आणि आरशात बघितलं की लाल टपोरा फोड दिसतोय त्याने या दोन ओळींचं करायचं काय? स्वच्छता म्हणजे नेमकी कशाची, कशाने, आणि तज्ज्ञांकडे आजच पळायचं की चार दिवस थांबलं तरी चालेल, यातलं एकही उत्तर त्यात नाही. मी नर्स, डोळ्यांच्या ओपीडीत बरीच वर्षं काढलीत, आता रिटायर झालेय त्यामुळे वेळही भरपूर आहे आणि बोलायची खुमखुमीही, म्हणून हे लांबलचक पत्र. जागेअभावी काटछाट करावी लागली तर खुशाल करा पण शेकाचा भाग आणि ड्रॉप्सचा भाग तेवढा राहू द्या.

आधी हे होतं कशामुळे ते सांगते कारण तिथेच निम्मे गैरसमज आहेत. पापणीच्या कडेला तेल तयार करणाऱ्या बारीक बारीक ग्रंथी असतात, वरच्या पापणीत साधारण 25 ते 40 आणि खालच्या पापणीत 20 ते 30, एका ओळीत लावल्यासारख्या. हाइनरिख माइबोम नावाच्या जर्मन डॉक्टरने 1666 मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन केलं म्हणून त्यांना माइबोमियन ग्रंथी म्हणतात. आपण डोळा मिचकावला की त्यातलं थोडंसं तेल अश्रूंवर पसरतं आणि अश्रू पटकन सुकत नाहीत, म्हणजे कामाच्या आहेत या ग्रंथी, उगाच नाहीत. शिवाय पापणीच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी आणखी छोट्या ग्रंथी असतात. यातल्या एखादीचं तोंड बुजलं, आत तेल साचलं आणि त्यात जंतू वाढले की झाली रांजणवाडी. हे जंतू बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस जातीचे असतात, आणि ते काही बाहेरून उडत येत नाहीत, ते आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर आणि नाकात आधीपासून मुक्कामाला असतात, फक्त संधी मिळायची खोटी.

केसाच्या मुळाशी झाली तर ती बाहेरची रांजणवाडी, पापणीच्या अगदी कडेला फोड येतो, टोकाला पिवळा ठिपका दिसतो आणि बऱ्याचदा त्या ठिपक्याच्या मधोमध एक केस उभा असतो. माइबोमियन ग्रंथीत झाली तर ती आतली, ती जास्त ठणकते, बाहेरून नुसती पापणी सुजलेली दिसते आणि फोड बघायला पापणी उलटवावी लागते (ते घरी करू नका प्लीज, आरशासमोर पापणी उलटवून फोटो काढणारे महाभाग मी पाहिलेत).

आणि तिसरी, वेगळीच गोष्ट म्हणजे गाठ, डॉक्टर तिला कॅलेझियन म्हणतात. रांजणवाडी आणि ही गाठ लोक एकच समजतात पण तसं नाहीये. रांजणवाडी दुखते, लाल असते, एक दोन दिवसात वाढते. गाठ सहसा दुखत नाही, हळूहळू वाढते, बोटाला वाटाण्याएवढी कडक लागते, वरची कातडी तिच्यावरून सहज सरकते. तिच्यात जंतूंचं इन्फेक्शन नसतं, ग्रंथीतलं तेल आजूबाजूच्या मांसात झिरपतं आणि शरीर त्याच्याभोवती सुजेची भिंत घालतं. कधी रांजणवाडी ओसरून मागे गाठ उरते, कधी गाठ आपली स्वतःच येते. आता जिच्यात जंतू नाहीत तिच्यावर अँटिबायोटिक ड्रॉप्स ओतून काय उपयोग, पण आठवडेच्या आठवडे ड्रॉप्स घालून मग "गुण येत नाही" म्हणून येणारे पेशंट कायम असायचे.

तर शेक. दोन्हीवर घरचा मुख्य उपाय हाच आहे, गरम ओला शेक. लोकांना तो इतका साधा वाटतो की त्याला ते औषधच मानत नाहीत, डॉक्टर दहा शब्द शेकाबद्दल बोलतात आणि पेशंटचं सगळं लक्ष चिठ्ठीवर कुठले ड्रॉप्स लिहितात तिकडे. मग चार दिवसांनी आले की मी विचारायचे, शेक घेतला का? "हो सिस्टर, घेतला की". कसा घेतला दाखवा बरं. की खिशातून रुमाल निघायचा, त्याची घडी करून तोंडाजवळ धरून जोरात फुंकर, मग डोळ्याला टेकवायचा, एक सेकंद, परत फुंकर, झालं, अर्ध्या मिनिटात शेक संपला! रुमाल सकाळपासून खिशात, त्याने घाम पुसलेला, त्यावर तोंडातली वाफ. यातून पापणीपर्यंत ऊब तर पोचत नाहीच, वर असले नसले जंतू मात्र पोचतात.

नीट शेक म्हणजे काय ते सांगते. आधी साबणाने हात धुवायचे. स्वच्छ धुतलेलं सुती फडकं किंवा छोटा नॅपकिन घ्यायचा, गरम पाण्यात बुडवून पिळायचा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा, चांगला गरम लागला पाहिजे पण चटका बसता कामा नये, आणि मग डोळा मिटून पापणीवर ठेवायचा. ओलं फडकं दीड दोन मिनिटांत गार होतं, तिथेच सगळे फसतात, गार झालेलं फडकं डोळ्यावर धरून दहा मिनिटं बसतात. ते परत बुडवायचं, परत पिळायचं, परत ठेवायचं, असं एकूण दहा मिनिटं, आणि दिवसातून तीन चार वेळा. ग्रंथीत अडकलेलं तेल हे गोठलेल्या मेणासारखं असतं, ते पातळ व्हायला पापणीला थोडा वेळ सलग 40 अंशांच्या आसपासची ऊब मिळावी लागते, मिनिटभरात ते होत नाही. दोन डोळ्यांना त्रास असेल तर दोन वेगळी फडकी, आणि प्रत्येक वेळेनंतर फडकं धुवून वाळवायचं, तेच ओलं फडकं संध्याकाळी परत नको. ओलं फडकं मायक्रोवेव्हमध्ये फिरवून डोळ्यावर ठेवायचं तर अजिबात नको, ते एका जागी कोमट आणि दुसऱ्या जागी भयंकर गरम होतं, पापणीची कातडी शरीरातली सगळ्यात पातळ कातडी आहे, ती पटकन भाजते.

शेकून झाल्यावर गाठ असेल तर स्वच्छ बोटाने हलका मसाज, वरच्या पापणीवर वरून खाली आणि खालच्या पापणीवर खालून वर, म्हणजे दोन्हीकडे केसांच्या दिशेने, कारण ग्रंथींची तोंडं तिथे उघडतात. हलका म्हणजे हलकाच. रांजणवाडी ठणकत असेल तर मसाज पण नको, नुसता शेक पुरे.

आता इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी नाहीतर कोणीतरी डॉक्टर वाचक मला पकडेल. जगभरातले वैद्यकीय अभ्यास तपासून निष्कर्ष मांडणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे, त्यांनी आतल्या रांजणवाडीवरच्या बिनऑपरेशनच्या उपायांचा आढावा घेतला, 2017 मध्ये तो परत अपडेट केला, आणि त्यांना शेक, ड्रॉप्स, पापणी धुणं यातल्या कशाचीच नीट तुलना केलेली एकही चांगली चाचणी सापडली नाही. याचा अर्थ शेक निकामी आहे असा नाही. रांजणवाडी बहुतेक वेळा आपली आपण आठवड्या दोन आठवड्यात बरी होते, मग त्यावर चाचण्या करायला कोण बसणार? शेक आपण घेतो तो डॉक्टरांच्या वर्षानुवर्षांच्या अनुभवावर आणि ग्रंथीत काय होतं त्या समजुतीवर, आणि नीट घेतला तर त्याचा तोटा काही नाही. पण हाच न्याय ड्रॉप्सनाही लावा ना! लोकांना वाटतं ड्रॉप्स म्हणजे खरं औषध आणि शेक म्हणजे आजीबाईंचा टाइमपास, तर तसा पुरावा ड्रॉप्सच्या बाजूनेही नाहीये. डॉक्टर अँटिबायोटिक मलम देतात ते इन्फेक्शन आजूबाजूला पसरू नये म्हणून, बंद फोडाच्या आत ते फारसं शिरत नाही. पोटातून घ्यायच्या गोळ्या लागतात त्या सूज पापणीभर पसरली तर, आणि ते डॉक्टरांनी बघूनच ठरवायचं.

ड्रॉप्सवरून आठवलं, आणि हे खरं तर मला सगळ्यात जास्त सांगायचंय. एक बाई यायच्या, पर्समधून एक छोटी बाटली काढायच्या, लेबल अर्धं पुसलेलं, झाकणाला कडेला पांढरी पूड जमलेली. शेजारणीला डोळ्याचं काही झालं होतं तेव्हा तिला दिलेले ड्रॉप्स, "तिला एका दिवसात बरं वाटलं म्हणून मीही घालते, लाली लगेच जाते". लाली लगेच जाते हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा यायचा. लेबल उजेडात धरून वाचलं तर बऱ्याचदा त्यात स्टेरॉइड असायचं. स्टेरॉइडने लाली आणि सूज पटकन दबते हे खरंच आहे, म्हणून तर लोक फसतात, पण त्याबरोबर जंतूंशी लढायची ताकदही दबते. आणि हे ड्रॉप्स बरेच दिवस घातले तर काही लोकांच्या डोळ्यातलं प्रेशर वाढतं, दुखत काहीच नाही, कळत काहीच नाही, आणि काचबिंदू होऊन गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर होऊ शकतो. त्यातून तो लाल डोळा रांजणवाडीचा नसून बुबुळावरच्या हर्पिस नावाच्या विषाणूचा असला तर स्टेरॉइडने बुबुळाची पार वाट लागू शकते. डॉक्टर स्वतः कधी कधी स्टेरॉइड देतात, गाठीत इंजेक्शनही देतात, पण ते डोळा मशिनवर तपासून, प्रेशर बघून. शेजारणीच्या पर्समधून नाही. घरात पडलेल्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यातलं काही छापलेलं दिसलं तर ती स्टेरॉइडची बाटली समजा, आणि बाकी कुठलेही ड्रॉप्स असले तरी बाटली फोडून महिना झाला असेल तर बहुतेक बाटल्या टाकून द्यायच्याच असतात, एक्सपायरीची तारीख पुढच्या वर्षीची असली तरी.

दुसरी खोड म्हणजे फोडणं. पिवळं टोक दिसलं की हात शिवशिवतो हे मला मान्य आहे पण पिळू नका, सुई लावू नका, केस ओढून काढू नका. बाहेरच्या रांजणवाडीतला केस डॉक्टर कधी कधी काढतात आणि मग पू वाहून बरंही वाटतं, पण ते चिमट्याने, नीट प्रकाशात, स्वच्छ हातांनी. घरी दाबलं की पू बाहेर येण्याऐवजी आत पसरू शकतो आणि एका ग्रंथीचं दुखणं अख्ख्या पापणीचं होऊन बसतं, शिवाय डोळ्याभोवतीच्या शिरांचा संबंध थेट मेंदूजवळच्या शिरांशी आहे, म्हणून या भागातलं इन्फेक्शन उगाच चिवडायचं नसतं. शेकता शेकता आपोआप फुटली तर उत्तम, ओल्या स्वच्छ फडक्याने हलकेच पुसून घ्यायचं, हात धुवायचे, शेक अजून दोन दिवस चालू ठेवायचा. पापणीवर काहीबाही लेप चोळणं, काहीतरी पिळून डोळ्यात घालणं हेही नकोच, त्यातून बुबुळाला जखम करून घेतलेली माणसं मी पाहिलीत आणि तेव्हा रांजणवाडी बाजूला राहते.

डॉक्टरांकडे कधी जायचं? दोन तीन दिवस नीट, म्हणजे वर सांगितलाय तसा, शेक घेऊनही दुखणं वाढतच असेल तर जायचं. पण काही गोष्टींना दोन तीन दिवसही थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं: सूज पूर्ण पापणीवर किंवा गालावर उतरली, डोळा उघडेना, ताप आला, डोळा इकडे तिकडे फिरवताना आत दुखतंय, एकाचे दोन दिसतात, डोळा पुढे आल्यासारखा वाटतो, नजर कमी झाली. म्हणजे इन्फेक्शन पापणीच्या मागे डोळ्याच्या खोबणीत गेलेलं असू शकतं आणि ते अॅडमिट करण्याचं काम आहे. लहान मुलांत हे जास्त भरभर होतं म्हणून पोराला ताप आणि सुजलेला डोळा दोन्ही असेल तर रात्र काढू नका. सूज पापणीच्या कडेला नसून नाकाजवळच्या कोपऱ्यात असेल तर ती रांजणवाडी नसून अश्रूंच्या पिशवीचं इन्फेक्शन असू शकतं. आणि कपाळावर, पापणीवर एकाच बाजूला पाण्याचे बारीक फोड आलेत, आग होतेय, तर ती नागीण, तिला वेळेत औषध मिळणं फार महत्त्वाचं.

गाठ मात्र वेळ घेते, कधी काही आठवडे, कधी महिने. लोक कंटाळतात. महिना दीड महिना शेकूनही ती हलत नसेल, नजरेच्या आड येत असेल किंवा बुबुळावर दाबून धूसर दिसत असेल तर डॉक्टर ती काढतात, जागा बधिर करून, पापणीच्या आतल्या बाजूने छोटा छेद घेऊन, त्यामुळे बाहेर व्रण दिसत नाही. काही मिनिटांचं काम आहे, लोक उगाच घाबरून वर्ष वर्ष गाठ घेऊन फिरतात. लहान मुलाच्या वरच्या पापणीवर मोठी गाठ असेल तर टाळाटाळ नकोच, तिच्या दाबाने सिलिंड्रिकल नंबर येऊ शकतो आणि त्या वयात एक डोळा आळशी पडू शकतो. आणि वयस्कर माणसाला एकाच जागी परत परत गाठ येतेय, तिथले पापणीचे केस गळलेत, तर काढलेली गाठ लॅबला तपासायला पाठवायचा आग्रह धरा. तेलग्रंथीचा कॅन्सर क्वचित होतो पण तो अगदी साध्या गाठीचं सोंग घेऊन येतो.

आता ज्यांना सारखी सारखी होते त्यांच्यासाठी. एक बरी होते न होते तोच दुसरी, मग घरचे म्हणतात "नजर लागली", "अंगात उष्णता आहे", नाहीतर "कुणाच्या तरी रांजणवाडीकडे बघितलंस". बघून होत नाही हो! एकाच टॉवेलने दोघांनी तोंड पुसलं तर जंतू इकडचे तिकडे जातात तेवढंच, बाकी ऑफिसला, शाळेला जायला काही हरकत नाही. सारखी होण्यामागे बहुतेक वेळा पापणीच्या कडेची जुनी सूज असते, ब्लेफरायटिस म्हणतात तिला. सकाळी केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे कण, कडा लाल, खाज. डोक्यात कोंडा असणाऱ्यांना, चेहरा सारखा लाल होणाऱ्या रोझेशियावाल्यांना हे जास्त होतं. त्यांनी रांजणवाडी नसतानाही रोज एकदा शेक आणि मग पापणीची कड साफ करायची सवय लावायची, उकळून कोमट केलेल्या पाण्यात बेबी शॅम्पूचे दोन थेंब, त्यात बुडवलेला स्वच्छ कापूस, डोळा मिटून केसांच्या मुळांवरून आडवा फिरवायचा आणि साध्या पाण्याने पुसून घ्यायचं. मेडिकलमध्ये तयार लिड वाइप्सही मिळतात. आणि एकदा शुगर तपासून घ्या. मोठ्या माणसाला वरचेवर रांजणवाडी येत असेल तर मधुमेह आहे का हे बघायलाच हवं, काहींचा मधुमेह असाच सापडतो.

मेकअपबद्दल मुली रागावतील पण सांगते. काजळ, आयलायनर, मस्कारा कुणाचं वापरायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, अगदी सख्ख्या बहिणीला सुद्धा. काजळाची रेघ पापणीच्या आतल्या कडेवर ओढली की ती नेमकी ग्रंथींच्या तोंडांवरच बसते. रात्री कितीही उशीर झाला तरी पुसून झोपायचं, मस्कारा तीन महिन्यांनी टाकायचा, आणि रांजणवाडी आली असेल तेव्हा जे वापरात होतं ते सगळं टाकून द्यायचं, महागडं असलं तरी. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी बरं होईपर्यंत चष्मा वापरायचा. आणि मुलगा सारखे डोळे चोळतोय, फळ्यावरचं वाचताना बारीक करतोय, तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या, डोळे चोळायची सवय मोडली की बऱ्याच मुलांचा हा त्रास कमी होतो.

मुलं दहा मिनिटं शेकायला बसत नाहीत ही प्रत्येक आईची तक्रार. पाच पाच मिनिटांचे दोन भाग करा, त्याच्या हातात फडकं द्या, गोष्ट सांगा, आणि फडकं आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा कारण मुलांना आपल्यापेक्षा लवकर चटका बसतो.

संपादक साहेब, माझी विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत पाव पान द्या, त्यात रांजणवाडी आणि गाठ यांची चित्रं शेजारी शेजारी छापा, खाली शेकाची पद्धत, आणि त्या पाच स्टेरॉइडची नावं ठळक टाइपात एका चौकटीत. लोक ती चौकट कापून औषधाच्या डब्यावर चिकटवतील. मजकूर तपासायला कुठल्याही नेत्रतज्ज्ञांना द्या, माझी हरकत नाही, आणि चित्रं काढणाऱ्याला सांगा की पिवळा ठिपका पापणीच्या अगदी कडेला, केसाच्या मुळाशी दाखव, मागच्या वेळी तुमच्या पानावरच्या चित्रात तो भुवईखाली काढला होता.

आपली,
एक निवृत्त नर्स आणि रोजची वाचक